चुगलखोर दांडा

आईचा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भाजला, तेव्हा मी आयटीआयला वेल्डरच्या ट्रेडला होते. डोळ्यांवर काच धरून टाका मारत होते, तेवढ्यात शिपाई आला आणि म्हणाला, तुझ्या आईले दवाखान्यात नेलं. मी तशीच, हातमोजे घालून, सायकलवर बसले. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की हातमोज्यांमुळे ब्रेकच लागत नाहीये.

आई वर्ध्यातल्या एका खासगी वसतिगृहाच्या मेसमध्ये कामाला होती. दीडेकशे पोरांचं वरण ज्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजायचं, तो भट्टीवरून उतरवायचं काम दोघांचं. एक कडं आईच्या हातात, दुसरं महाराजाच्या. आमच्याकडे आचाऱ्याला महाराजच म्हणतात म्हणून मीही म्हणते, त्यात कोणी आदर शोधू नये.

त्या दिवशी दोघांनी गंज उतरवला, दोन पावलं चालले आणि महाराजाच्या खिशातला फोन वाजला. त्याने एक हात सोडला. एका हाताने तोलेना, म्हणून दुसराही सोडला आणि उडी मारून बाजूला झाला. आईने सोडला नाही. धरून राहिली म्हणून ती गंजाबरोबर पुढे ओढली गेली आणि तिचा पाय फरशीवर सांडलेल्या उकळत्या वरणात गेला. सोडणाऱ्याच्या चपलेलाही डाग लागला नाही.

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापक दवाखान्यात आला. बरोबर महाराज. व्यवस्थापकाच्या हातात कागद होता. महाराज खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईच्या हातून सुटलं साहेब. मी तर धरून होतो."

आई म्हणाली, "मी सोडलं नाई."

"मंग काय मी सोडलं?"

"हो. तुमी सोडलं."

व्यवस्थापक हसला. म्हणाला, हे बघा बाई, दवाखान्याचं सगळं आम्ही पाहतो, तुम्ही फक्त सही करा. कागदावर आईच्या नावाने लिहिलं होतं, "माझ्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला." आईने माझ्याकडे पाहिलं. मी एकोणीस वर्षांची होते, बाबा वारलेले होते आणि आईच्या पायावरची पट्टी रोज बदलावी लागत होती. मी मान खाली घातली. आईने सही केली. महिन्याभरात तिला कळवण्यात आलं की आता येऊ नका.

मी त्या स्वयंपाकघरात तिचा डबा आणि चपला आणायला गेले होते. धुतलेल्या भिंतीवर वरणाचे पिवळे शिंतोडे अजून होते आणि ते सगळे महाराजाच्या बाजूच्या भिंतीवर होते. भांडं ज्याच्या हातून सुटतं त्याच्याच बाजूला कलंडतं. आईने सोडलं असतं तर तिच्या मागची भिंत पिवळी झाली असती. एवढी साधी गोष्ट. मी व्यवस्थापकाला म्हटलं, चला, भिंत पाहा. तो म्हणाला, मला जेवायला जायचंय.

तेव्हापासून पंधरा वर्षं मी त्या महाराजाला रोज मारलं. कधी भट्टीत ढकललं, कधी गंजात बुडवलं. ग्राइंडरखाली पाइप धरला की तो त्याचा हात आहे असं समजून कापत असे. माणसाला एवढा द्वेष सांभाळून कामं कशी करता येतात, असं कोणी विचारलं तर मी सांगेन की छान करता येतात. माझे वेल्डिंगचे टाके वर्ध्याजवळच्या अख्ख्या पिपरी मेघेत सरळ म्हणून ओळखले जातात.

आधी मी दुसऱ्याच्या शेडमध्ये काम केलं, मग पिपरी मेघेला रस्त्याला लागून स्वतःची शेड टाकली. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. बाई वेल्डिंग करते म्हणून पहिलं वर्षभर लोक बघायला यायचे, नंतर काम द्यायला यायला लागले. आई दुपारी डबा घेऊन यायची, लंगडत, आणि संध्याकाळपर्यंत शेडमध्येच बसून राहायची.

पण माझं लक्ष असायचं ते दोन-चार माणसं मिळून एखादी वस्तू कशी उचलतात यावर. मंडपवाले गाद्या उचलताना, बँडवाले जनरेटर उतरवताना, लग्नात वाढपी भाताचा गंज नेताना मी उभी राहून पाहत असे. त्यातून मला काही गोष्टी कळल्या. समोरासमोर धरलं की एकाला उलटं चालावं लागतं, आणि पडतो तो उलटं चालणारा. उंच माणूस आणि बुटका माणूस एका वजनाला लागले की वजन बुटक्याकडे वाहतं. चौघांनी चार कोपरे धरले आणि एकाने सोडलं, तर त्याच्या शेजारच्या दोघांवर सगळा भार येतो. त्याच्या तिरप्या समोरच्या माणसाच्या हातातलं वजन मात्र एकदम हलकं होतं. त्याला वाटतं, बरं झालं. शेजारचे दोघं मरत असतात आणि त्याला पत्ताही नसतो.

या सगळ्यातून मी चौपाया बनवला. दोन लांब पाइप, मधे लोखंडी रिंग, रिंगेत गंज काठावर बसायचा. पाइपच्या टोकांना चार मुठी, दोन पुढे, दोन मागे, म्हणजे चौघंही सरळ तोंड करून चालणार आणि सगळ्यांचे पाय गंजापासून हातभर लांब. मुठी वरखाली सरकवता यायच्या, ज्याची जशी उंची. प्रत्येक मुठीला सायकलचा ब्रेक लावला. ब्रेक दाबून धरला की त्या कोपऱ्याचा लोखंडी पाय वर दुमडलेला राहायचा. मूठ सुटली की पाय खटकन खाली. कोणीही सोडलं तरी गंज पडणार नाही, आपल्या पायावर उभा राहील.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी तिथे थांबले नाही. प्रत्येक मुठीपुढे एक छोटा लाल पत्रा बसवला, वेगळ्या तारेवर. ज्याने मूठ सोडली त्याच्यासमोरचा पत्रा टपकन उभा राहायचा आणि मी येऊन खाली दाबेपर्यंत तसाच राहायचा. कोणी सोडलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. दवाखान्यात येऊन कोणाला खोटं बोलता आलं नाही पाहिजे. खरं सांगायचं तर चौपायाचे पाय मी कामासाठी केले आणि पत्रे महाराजासाठी.

पहिल्यांदा तो वापरला आमच्या वस्तीतल्या विहारात, सगळ्यांच्या जेवणाच्या दिवशी. चार बायांनी मसालेभाताचा गंज उचलला, तीस पावलं नेला, ठेवला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या गंजाला एकीचा पत्रा उभा राहिला. तिच्या मनगटात आधीपासून कळ होती. पाय खाली आला, भात जसाच्या तसा. पण बाकीच्या तिघी तिच्यावर ओरडल्या. तिसऱ्या गंजाला चौघींची नजर पायाखाली नव्हती, पत्र्यांवर होती. एक जण पायरीला ठेचकाळली.

विहाराच्या बायकांमधली सगळ्यात मोठी मावशी माझ्याजवळ आली. "काऊन वं पोरी, हा दांडा चुगली करते का?"

"चुगली नाही मावशी. कोणी सोडलं ते कळतं."

"ते कळून आमाले काय करा लागते? भात सांडला नाई, बस झालं. पत्रे काढून टाक. चुगलखोर दांडा आमाले नाई पायजे."

मी तिचं अर्धंच ऐकलं. त्या चौपायाचे विहारासाठी काढले, पण पुढचा बनवताना पुन्हा लावले.

तो पुढचा चौपाया शेडबाहेर उभा होता, तेव्हा महाराज आला.

केस पिकलेले, पोट सुटलेलं, खिशात दोन फोन. बोरगाव मेघेला आता त्याचं स्वतःचं केटरिंगचं किचन होतं. मी त्याला पहिल्याच नजरेत ओळखलं. त्याने मला नाही. त्याच्या लेखी त्या दवाखान्यात मी कोणी नव्हतेच.

"ताई, हे तुमीच बनवलं म्हणते? चौघं जण गंज नेते म्हणे याच्यानं?"

"हो."

"माह्या किचनमंदी बायाच जास्त हायेत. दोघी जणी उचलतेत अन् मंग रोज कोणाची तरी कंबर धरते. दाखवून देता का आमाले?"

"देते ना," मी म्हटलं. "तिथेच येऊन दाखवते. पण मालकानं स्वतः एक मूठ धरायची. तशी माझी पद्धत आहे."

"धरू ना बाप्पा. आपले काय, जिंदगी गेली गंज उचलण्यात."

मी म्हटलं, "माहीत आहे." त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

तो गेल्यावर मी चौपाया आत घेतला. आई त्या दिवशी आली नव्हती. पाना घेतला आणि पुढच्या डाव्या मुठीच्या पत्र्याची तार दोन आटे ढिली केली. पायाच्या तारेला हात लावला नाही. कोणी भाजावं असं मला नको होतं. भरलेला गंज चालताना जरा हलला की तेवढा पत्रा उभा राहणार होता, मूठ कितीही घट्ट धरली तरी. पाणी भरलेला ड्रम ठेवून मी शेजारच्या चार पोरांकडून चाचणी घेतली. सातव्या पावलाला पत्रा उभा राहिला. त्या जागेवरचा पोरगा म्हणाला, "मी नाई सोडलं." मला एवढा आनंद झाला की मी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

मी जे केलं ते काय होतं, हे मला कळत होतं. खोटी साक्ष होती ती. त्याने तोंडाने दिली, मी तारेने देणार होते. फक्त मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेंपोत चौपाया घालून बोरगावला गेले. किचनमध्ये चार बाया आणि दोन माणसं होती. गंजात पाणी भरलं. तीन मुठींवर बाया उभ्या केल्या आणि महाराजाला म्हटलं, तुम्ही पुढे डावीकडे. त्याने ब्रेक दाबला, चौघांनी उचललं आणि चालायला लागले. मी मोजत होते. सहाव्या पावलाला पत्रा टपकन उभा राहिला, लालभडक, त्याच्या छातीसमोर.

"थांबा," मी म्हटलं. "ठेवा खाली. महाराज, तुम्ही सोडलंत."

"मी? नाई बा."

"पत्रा उभा आहे."

मागची एक बाई फिसकन हसली. दुसरी म्हणाली, "मालक, तुमचंच हाय ते. आमचे पाहा, सगळे खालीच हायेत."

"अवं मी नाई सोडलं! मी धरून होतो!"

पंधरा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. मी पत्रा खाली दाबला आणि म्हटलं, पुन्हा. पुन्हा उचललं, पुन्हा पत्रा. या वेळी माणसंही हसली. त्याचा चेहरा लाल झाला होता, दोन्ही हातांनी मूठ आवळून तो त्या पत्र्याकडे पाहत होता. मी अजून एकदा करायला लावलं.

मग मी त्याच्या जवळ जाऊन सांगितलं मी कोण आहे. वसतिगृहाचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. त्याने आठवत नसल्याचं नाटकही केलं नाही. लगेच म्हणाला, "तुही माय जित्ती हाय?"

"आहे. लंगडते."

तो एका रिकाम्या तेलाच्या डब्यावर बसला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "ते तेव्हाचं तेव्हा झालं. आता ते कशाले काढतं?"

बायांना आमचं काय चाललंय ते कळलं नव्हतं. त्या चौपायाभोवती जमल्या होत्या आणि आपसात बोलत होत्या की याच्यानं कंबर वाचते. त्यांच्यातली एक म्हणाली, "मालक, हे आमाले पायजेच." त्यांच्यासमोर त्याला नाही म्हणता आलं नाही. चौपाया तिथेच राहिला.

जाताना तार कसावी असं एकदा मनात आलं. पाना पिशवीत होता. पण मी म्हटलं, राहू दे, तो जितक्या वेळा धरेल तितक्या वेळा उभा राहू दे. आणि टेंपोत बसले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, तारेचं सोडून. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.

"पण त्यानं खरंच सोडलं का?" तिने विचारलं.

"हो. तीनदा."

"पाण्याचा गंज तीनदा सोडला?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं गंज उचलणारा माणूस?"

मी ताटात भाजी वाढून घेतली.

आठ-नऊ दिवसांनी दुपारी शेडमध्ये एक बाई आली. चेहरा ओळखीचा वाटला. महाराजाच्या किचनमधली, मागे उभी राहून फिसकन हसलेली तीच. आई बाजूला खुर्चीवर बसली होती. बाईने दोन्ही तळहात पुढे केले. अंगठ्याच्या मुळाशी फोड आले होते.

"ताई, मी धरून ठेवतो हो. हात दुखेपर्यंत धरून ठेवतो. तरी माह्याच समोरचा पत्रा उभा राह्यते. रोज. मालकानं त्या दिवसापासून त्याले हात नाई लावला, त्या जागेवर मलेच उभं करते. आता सगळे म्हणून राह्यले का हे बाई कामचोर हाये, हात ढिला सोडते. परवा मालक म्हणे, सोमवारपासून येऊ नको. तुमी मले शिकवा न ताई. कसं धरा लागते ते मले सांगा."

ती तळहात तसेच पुढे करून उभी होती. मला वाटलं होतं की त्या मुठीवर तो राहील. मालक आपल्या किचनमध्ये गंज उचलत नसतो, ही गोष्ट मला, जिने आयुष्यभर लोक गंज कसे उचलतात तेवढंच पाहिलं, तिला सुचली नव्हती.

आई उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दांडा खोटा हाय का?"

मी मान डोलावली.

"तूच केला?"

"हो."

तिने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्या बाईला पाणी दिलं, स्वतःची चप्पल घातली आणि म्हणाली, "ऑटो पाह्य. पाना घे."

"आई, मी एकटी जाऊन तार कसून येते. त्याला कळलं तर तो..."

"तो काय करन? हसन? हसू दे. इच्यावर आळ हाये तोवर मी जेवत नाई."

आम्ही तिघी ऑटोत बसून बोरगाव मेघेला गेलो. किचनमध्ये कांदे चिरणं चाललं होतं. महाराज खुर्चीत फोनवर बोलत होता. आईला पाहून त्याने फोन ठेवला आणि उभा राहिला. पंधरा वर्षांत त्यांची भेट झाली नव्हती. तो काही बोलणार, तेवढ्यात आईने मला कोपराने ढोसलं.

मी सगळ्यांना जवळ बोलावलं. पाना काढून तार दाखवली. म्हटलं, "या बाईनं कधीच सोडलं नव्हतं. हा दांडा खोटा आहे. मीच तार ढिली केली होती. कोणीही धरला तरी पत्रा उभा राहणार."

सांगताना मला समोर दिसत होतं, महाराजाच्या चेहऱ्यावर हळूहळू काय येत होतं ते. तो खरंच हसला. लोकांकडे वळून म्हणाला, "पाहा! मी म्हणून राह्यलो होतो का नाई? मी धरून होतो! हे पोरगी मले बदनाम कराले आलती."

त्या क्षणी मला पाना त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. आईने माझा हात धरून मागे सारलं आणि ती पुढे झाली. तिचं लंगडणं त्या ओल्या फरशीवर जास्तच दिसत होतं.

"माह्या पोरीनं खोटं केलं," ती म्हणाली. "आठ-नऊ दिवसांत येऊन चारचौघांत सांगतलं. आता तू सांग. तुले पंधरा वर्षं झाले."

"काय सांगू?"

आईने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. तिने आयुष्यात कधी परपुरुषासमोर पदर ढळू दिला नव्हता. पायाची कातडी मेणासारखी ताणलेली, लालसर-पांढरी. किचनमधल्या बायांपैकी कोणीतरी "माय वं" म्हटलं.

"हे काय हाय ते यांयले सांग. गंज कोणी सोडला ते सांग."

मला त्याची सुटका होऊ द्यायची नव्हती, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, जिला त्याने सोमवारपासून येऊ नको म्हटलं होतं.

"माह्या हातून सुटला," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"माह्या हातून सुटला. मी सोडला. फोन आलता."

"कोणाचा?" आईने विचारलं.

तो विचार करायला लागला. खरंच करत होता, कपाळावर आठ्या आल्या होत्या. "आठवत नाई," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, फोन त्याच्या आजारी बापाचा असेल, बायकोचा असेल, निदान काहीतरी असेल. आठवत नाही. ते ऐकून माझा राग कमी झाला नाही, उलट नव्याने पेटला.

आईचं मात्र संपलं नव्हतं. तिने त्याच्या टेबलावरचं बिलबुक त्याच्यापुढे सरकवलं. "लिही."

"आता लिहून काय करता माय? बोल्लो न सगळ्यायसमोर."

"मी बी लिहून देल्लं होतं. लिही. माह्या हलगर्जीपणामुळं, असं लिही. तोच शब्द पायजे."

त्याने लिहिलं. हलगर्जीपणा हा शब्द त्याला नीट लिहिता येईना, तिने अक्षर-अक्षर सांगून लिहून घेतला. खाली त्याची सही आणि साक्षीदार म्हणून दोन बायांच्या. त्यातली एक सही त्या फोड आलेल्या हाताची होती. मग आई म्हणाली, "इले सोमवारपासून नाई, उद्यापासून ठेवजो." आणि आम्ही निघालो. तो "चहा" म्हणाला. आईने ऐकलं नाही असं केलं.

तो कागद आणि मला घेऊन आई दुसऱ्या दिवशी वसतिगृहात गेली. जुना व्यवस्थापक निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेला होता. नवा व्यवस्थापक माझ्यापेक्षा लहान. त्याने कागद दोनदा वाचला, पाणी मागवलं, म्हणाला, "मावशी, एवढं जुनं रेकॉर्ड आता आमच्याकडे नसेल." आई म्हणाली, "नसू द्या. हे फाइलमंदी लावा. शिक्का मारून मले एक झेरॉक्स द्या." त्याने दिली. परत येताना ती ऑटोत खिडकीबाहेर पाहत होती आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मला तो पुण्याला गेलेला माणूस छळत होता. त्याच्यापर्यंत माझा कोणताच दांडा पोहोचत नाही.

त्या बाईला मी नंतर शेडमध्ये बोलावलं, माझ्याकडे काम कर म्हटलं. ती म्हणाली, "नाई ताई. तुमच्या दोघायच्या भांडणात माह्ये आठ दिवस गेले, हात गेले. मी तिकडंच बरी हावो. तिकडं निदान माहीत हाये मालक कसा हाये ते." हे ती रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली.

आता मी चौपाया बनवते तो पत्र्यांशिवाय. आजवर अकरा गेले, विहारांत, मंगल कार्यालयांत, एक आष्टीला, आईच्या माहेरी, बाजाराजवळच्या खानावळीत. मुठींच्या उंचीवर अजून काम चालू आहे, डावखुऱ्या माणसांसाठी ब्रेकची दिशा बदलायची आहे. आई म्हणते, आता तरी त्या महाराजाले मनातून काढ. तिने काढला असेल. मला जमलेलं नाही आणि जमावं अशी फार इच्छाही नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या चौपायाच्या ब्रेकच्या तारा ताणल्या जातात आणि तो दुरुस्तीला घेऊन येतो. दुसऱ्या कोणाला पाठवलं तर मी काम घेत नाही, मालकानंच यायचं असं सांगितलंय. तो येतो. बायांनी त्याला चौपायाशिवाय गंज उचलणार नाही असं सांगून ठेवलंय. शेडमध्ये दोन खुर्च्या आहेत, एक माझी, एक आईची. तार बदलायला पंधरा मिनिटं लागतात. मी दीड तास लावते, आणि तो बाहेर उन्हात उभा राहतो.